शाळेत द्यायचा दम्याचा अ‍ॅक्शन प्लॅन मराठीत कुणी लिहिलाय का? मुलगा सातवीत

द्राक्षवाली_आई:
नमस्कार, इथे आजारपणाच्या धाग्यांवर बरेच जण नीट उत्तरं देतात म्हणून विचारतेय, जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या. मुलगा १२ वर्षांचा, सातवीत. दमा आहे पाच वर्षांचा असल्यापासून. आम्ही निफाड तालुक्यात राहतो, म्हणजे थंडी कशी असते ते सांगायला नको, त्यात द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी बागांमध्ये गंधकाची धुरळणी सुरू झाली की ह्याचा रात्रीचा खोकला सुरू होतो.

मागच्या आठवड्यात सकाळी पीटीच्या तासाला मैदानाला तीन चकरा मारायला लावल्या. दुसऱ्या चकरेला हा थांबला, म्हणाला छाती आवळतेय. सर म्हणाले नाटकं नकोत, एक राहिलीय. ती पण मारली त्याने, असा आहे तो, वर्गासमोर लाज वाटते ना. मग खाली बसला तो उठेचना. दम्याचा पंप (इन्हेलर) ऑफिसच्या कपाटात, कारण "औषध मुलांकडे ठेवायचं नाही" असा शाळेचा नियम, आणि कपाटाची किल्ली क्लार्ककडे, आणि क्लार्क गेलेले बँकेत. वीस-पंचवीस मिनिटं नुसती बसवून ठेवली त्याला, कुणीतरी पाणी पाजलं, कुणी पाठ चोळली. ह्यांना फोन आला तेव्हा हे बागेत होते, तसेच मोटरसायकलवर घेऊन गेले. दवाखान्यात तीनदा वाफ द्यावी लागली.

आता नाशिकच्या डॉक्टरांनी अ‍ॅक्शन प्लॅन (त्रास झाला तर काय करायचं तो कागद) लिहून दिलाय, पण तो सगळा इंग्रजीत आणि डॉक्टरी भाषेत. बुडेकॉर्ट (रोजचा पंप) टू पफ्स बीडी, म्हणजे दिवसातून दोनदा, अस्थालिन (निळा पंप) एसओएस, म्हणजे लागेल तेव्हा. मी तो शाळेत दिला तर एक मॅडम खरंच म्हणाल्या की अहो बीडी काय लिहिलंय ह्यात. मला हसावं का रडावं कळेना.

तर प्रश्न असे की, शाळेला कळेल असा मराठीत प्लॅन कुणी केलाय का, पंप त्याच्या खिशात ठेवायला शाळेला कसं पटवायचं, आणि पीटी बंदच करावी का. शिवाय सासूबाईंचं म्हणणं की बरा असताना रोज पंप कशाला, सवय लागते. त्यांना काय सांगू तेही सुचवा.

अर्धा_पांढरा_कोट:
ताई, मी इंटर्न आहे, सध्या बालरोग विभागातच ड्युटी चालू आहे, त्यामुळे डोस तुमच्या डॉक्टरांचाच अंतिम, मी फक्त समजावतो. आधी सासूबाईंचा प्रश्न घेतो कारण सगळा घोळ तिथेच असतो.

दम्यात श्वासनळ्यांचं दोन प्रकारे बिघडतं. एक तर आतलं अस्तर सुजलेलं असतं, ते मूल हसत-खेळत असतानाही सुजलेलंच असतं. दुसरं म्हणजे थंडी, धूर, धावणं, सर्दी असं काही झालं की नळीभोवतीचे स्नायू आवळतात. निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल, तो आवळलेले स्नायू पाच-दहा मिनिटांत सैल करतो, चार-सहा तास टिकतो, पण सुजेला हातसुद्धा लावत नाही. सूज उतरवायचं काम रोजच्या पंपाचं, तुमच्याकडे बुडेसोनाइड आहे ते. आज्जींना असं सांगा की रोजचा पंप म्हणजे पावसाळ्याआधीची शाकारणी आणि निळा म्हणजे गळतंय तिथे ठेवलेलं पातेलं. शाकारणी करायची नाही आणि पातेली वाढवत बसायचं, असं चाललंय बऱ्याच घरांत.

सवय लागत नाही. उलट निळ्याचीच जास्त काळजी करा. दम्यासाठी जगभरातल्या डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना देणारी 'जिना' नावाची संस्था आहे (माडीचा जिना नव्हे), त्यांनी २०१९ पासून स्पष्टच सांगितलंय की १२ वर्षं किंवा त्यावरच्या कुणालाही फक्त निळ्या पंपावर ठेवायचं नाही, सोबत स्टेरॉइडचा, म्हणजे सूज उतरवणारा पंप हवाच. आणि स्टेरॉइड म्हटलं की घाबरू नका, पफ मायक्रोग्रॅममध्ये असतो. तुलना बघा, अस्थालिनच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असतं आणि तेच औषध गोळीतून घेतलं तर २ मिलिग्रॅम, म्हणजे वीस पफ एकदम, ते पण पोटातून सगळ्या अंगभर फिरून मग छातीत. तरी लोकांना गोळी सौम्य वाटते आणि पंप कडक. रोजच्या पंपानंतर चूळ मात्र भरायचीच, नाहीतर जिभेवर-घशात पांढरी बुरशी धरते. ब्रश करायच्या आधी पंप ठेवला की आपोआप होतं ते.

अजून एक, मुलगा १२ चा झालाय तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की बुडेसोनाइड आणि फोर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप चालेल का, तो रोजचाही आणि धापेचाही एकच वापरता येतो. शाळेला एकच पंप समजावायचा म्हणजे निम्मं काम हलकं. पण हे फोर्मोटेरॉलवाल्यालाच लागू, साल्मेटेरॉलवाला पंप पण दोन औषधांचाच असतो पण त्याचा परिणाम सुरू व्हायला वेळ लागतो, धाप लागल्यावर तो ओढत बसायचं नाही. मनाने बदल करू नका, फक्त विचारा.

पीटी बंद करू नका. प्लीज.

खडूफळा:
मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, पीटी पण घेतो, त्यामुळे जरा आमची बाजू. तुमच्या मुलाच्या बाबतीत जे झालं ते चूकच, त्याला दुसरा शब्द नाही. पण ताई कपाटाला कुलूप लावणारा माणूस दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. औषध दिलं आणि काही झालं तर आमच्यावर, नाही दिलं आणि काही झालं तरी आमच्यावर. आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. बी.एड.ला दम्यावर एक ओळ पण नव्हती आमच्या वेळी.

माझ्या वर्गात दोन मुली होत्या दम्याच्या. एकीच्या आईने फाइल आणून दिली होती, चौदा पानं, रिपोर्ट, एक्स-रे, सगळं. ती फाइल कुणी उघडलीच नाही. दुसरीच्या बाबांनी अर्ध्या कागदाचं दिलं, मोठ्या अक्षरात, वर मुलीचा फोटो, खाली तीन फोन नंबर, डॉक्टरांची सही-शिक्का, पालकांची सही. तो कागद आम्ही स्टाफरूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, आणि दोन वेळा कामाला आला. त्यामुळे माझं सांगणं एकच, काय दिसतं आणि काय करायचं एवढंच लिहा. दमा म्हणजे काय ते लिहू नका, आम्ही वाचणार नाही.

आणि एक वाक्य त्या कागदावर डॉक्टरांच्या सहीने हवंच, की "निळा पंप दिल्याने अपाय होणार नाही, शंका असली तर द्यावा." हे वाक्य मिळालं ना की शिक्षकाचा हात उचलतो. मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले जास्तीत जास्त हात थरथरतील, धडधड होईल, थोड्या वेळाने जाईल, पण उशीर झाला तर ते परत येत नाही. तेव्हापासून मी घाबरणं सोडलं.

मुख्याध्यापकांना भेटताना तक्रारीचा सूर नको, पीटीच्या सरांना सोबत घ्या. बाकड्यावरच्या मित्राला पण सांगून ठेवा, पंप कुठल्या खिशात ते. पोरं मोठ्यांपेक्षा पटकन धावतात. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा तपासणीला येते, त्यांच्या आजारांच्या यादीत श्वासनळ्यांचा हा त्रास आहे, त्या डॉक्टरांकडून शिक्षकांना पाच मिनिटं पंप दाखवायला सांगा. आमच्याकडे सांगितलं तर त्यांनी दाखवलं.

सह्याद्री_४४:
पंप म्हणजे शेवटचा उपाय असतो हो. एकदा लागला की सुटत नाही. अडुळशाचा रस आणि मध तीन महिने द्या. आमच्या इकडे एक जण पुड्या देतात, माझ्या भाच्याची धाप आठ दिवसांत गेली, पंप फेकून दिला त्याने. हवं तर पत्ता देतो.

अर्धा_पांढरा_कोट:
दादा, अडुळशाला मी नावं ठेवणार नाही, खोकल्याच्या सिरपमध्ये जे ब्रोमहेक्झिन असतं ते अडुळशातल्याच वासिसिनवरून बनवलेलं आहे. पण ते कफ पातळ करायचं औषध, दम्याची सूज त्याने उतरत नाही. आणि आठ दिवसांत धाप घालवणारी, लेबल नसलेली पुडी म्हटलं की आम्हाला पहिली शंका येते ती आत स्टेरॉइडची गोळी कुटून घातल्याची. असे पेशंट वॉर्डात येतात, चेहरा चंद्रासारखा गोल झालेला, साखर वाढलेली, आणि पुडी अचानक बंद केली की अजूनच पंचाईत. गंमत बघा, पंपातल्या मायक्रोग्रॅमला घाबरून पुडीतले मिलिग्रॅम खातात लोक. पत्ता कृपया देऊ नका. भाच्याला एकदा दाखवून घ्या, वाद घालायला नाही, खरंच.

जुना_दमेकरी:
मी ह्या धाग्यावर सगळ्यात ज्येष्ठ दमेकरी असणार, वय ५३, दमा ४९ वर्षांचा. पुड्यांचं निघालंच आहे तर ऐका. आमच्या वेळी कोजागिरीला दम्याचं औषध मिळायचं, अजूनही मिळतं बऱ्याच ठिकाणी. मी आठ वर्षांचा असताना आई मला एसटीने घेऊन गेली होती, शे-दोनशे माणूस, सगळे खोकतायत, चांदण्यात खीर ठेवलेली, त्यात कसलीशी पूड, मध्यरात्रीनंतर ती खायची आणि उजाडेपर्यंत झोपायचं नाही. उघड्या मैदानात, दवात, चुलीच्या धुरात रात्रभर बसलो. खीर चांगली होती. घरी येईपर्यंत पोट उडायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी डेरिफायलिनचं इंजेक्शन. आईला मी दोष देत नाही, तिला लेकराचा श्वास ऐकवत नव्हता, तुम्ही सांगाल तिथे गेली असती ती.

पुढची चूक माझी स्वतःची. नोकरी लागल्यावर निळा पंप खिशात आला आणि मला वाटलं जिंकलो. महिन्याला एक पंप संपायचा. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागायचा नाही. रोजचा पंप लिहून दिलेला होता पण तो ओढल्यावर लगेच काही वाटत नाही म्हणून मी ठरवलं की तो बिनकामाचा. २०११ साली एका रात्री निळ्याचे पफावर पफ मारले तरी काही होईना, बायकोशी बोलायला गेलो तर एका दमात दोन शब्द निघत नव्हते, चार दिवस आयसीयूत काढले. तिथल्या मॅडमनी विचारलं वर्षाला किती निळे पंप लागतात, मी अभिमानाने बारा म्हणालो. त्या गप्पच झाल्या. मग सांगितलं की वर्षाला तीन किंवा जास्त लागले तरी अ‍ॅटॅकचा धोका वाढतो, आणि बारा म्हणजे जीवाचा धोका वाढतो.

तेव्हापासून कॅलेंडरवर निळ्याच्या दिवशी टिंब मारतो. त्या मॅडमनीच चार प्रश्न शिकवलेत, मागच्या चार आठवड्यांचे. दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का, रात्री दम्याने जाग आली का, निळा आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, आणि कुठलं काम दम्यामुळे सोडावं लागलं का. एकाचंही उत्तर हो आलं तर दमा पूर्ण ताब्यात नाही, डॉक्टरकडे जायचं. तुमचा मुलगा रात्री खोकतोय म्हणालात, म्हणजे शाळेच्या आधी घरचाच प्लॅन तपासा ताई. रोजचा पंप खरंच रोज जातोय का आणि नीट जातोय का, की "ओढलास का रे" "हो" एवढ्यावर चाललंय? मी पण "हो" च म्हणायचो.

यारा_नदीकाठ:
मी मेलबर्नला असते, माझी मुलगी दुसरीत, दमा आहे. इथे दमा असलेल्या मुलाचा डॉक्टरांनी भरलेला अ‍ॅक्शन प्लॅन शाळा मागतेच आणि तो दरवर्षी नवीन करून द्यावा लागतो. इथलं फर्स्ट एडचं गणित सगळ्या शिक्षकांना पाठ असतं, चार-चार-चार. मुलाला सरळ बसवायचं, निळ्या पंपाचे ४ पफ स्पेसरमधून (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) द्यायचे, एका वेळी एकच पफ, प्रत्येक पफला ४ श्वास, मग ४ मिनिटं थांबायचं. फरक नाही तर परत ४ पफ, तरीही नाही तर अ‍ॅम्ब्युलन्सला फोन, आणि ती येईपर्यंत तेच चालू ठेवायचं. तुमच्या डॉक्टरांचा आकडा वेगळा असू शकतो, भारतात बरेच जण वीस मिनिटांनी परत द्या असं लिहितात, तर त्यांचाच घ्या, पण असं तालात बसवा की शिपाईकाकांना पण लक्षात राहील.

इथे सगळं छान आहे असं मात्र समजू नका, मागच्या वर्षी मी शाळेत सहज बघायला गेले तर तिच्या नावाच्या पिशवीत पंप होता पण मुदत संपून पाच महिने झालेले. सॉरी म्हणाले. आता मी टर्म सुरू झाली की स्वतः जाऊन बघते, तुम्ही पण बघत जा, कागद चिकटवून झाला की सगळ्यांना वाटतं काम झालं.

मेडिकलवाला_नगररोड:
वर कुणीतरी मेडिकलवाल्याला टोमणा मारलाय, घेतला 😄 खरंय, आमच्यातले काही देतात चिठ्ठीशिवाय. आता काउंटरवरच्या चार गोष्टी सांगतो ज्या प्लॅनमध्ये नसतात पण प्लॅन त्यावरच चालतो.

पंप संपला हे हलवून कळत नाही. औषध संपलं तरी आतला गॅस फुसफुस करतोच. काही जण डबी पाण्यात टाकून बघतात तरंगते का, तसलं काही करू नका, त्याने कळत तर नाहीच, तोंडाशी पाणी जाऊन बिघडते. २०० पफचा पंप असेल आणि रोज सकाळी दोन संध्याकाळी दोन असेल तर ५० दिवस, उघडल्याची तारीख डबीवर पेनाने टाका, झालं. उरलेल्या पफांचा आकडा दाखवणारे काउंटरवाले पंप मिळतात, तो मागून घ्या. नवीन काढल्यावर किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी हलवून दोन-तीन पफ हवेत सोडायचे. निळा शाळेत महिनोन्महिने पडून असतो त्यामुळे हे शिक्षकांना सांगाच.

खिशात ठेवणार असाल तर टोपण लावलेलं पाहिजे. एका पोराच्या पंपाच्या तोंडात खडूचा तुकडा निघाला होता माझ्यासमोर, ओढला असता तर सरळ घशात. टोपण काढल्यावर आत बघायची सवय लावा.

स्पेसर बारा वर्षांचा असला तरी पाहिजेच, घोड्याएवढे बाप्ये पण स्पेसरशिवाय पंप जिभेवर मारतात आणि म्हणतात गुण नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत वाळवायचा, फडक्याने आतून पुसायचा नाही, पुसलं की प्लास्टिकला वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये मारायचे नाहीत. कॅप्सूलवाला रोटाहेलर असेल तर त्याची वेगळीच कथा, एक आजोबा दोन महिने ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते, वर मलाच म्हणाले तुझं औषध बोगस.

द्राक्षवाली_आई:
सगळ्यांचे खूप आभार. जुना_दमेकरी काका, तुमचं वाचून मी काल रात्री याला समोर बसवून पंप ओढायला लावला. स्पेसर कपाटावर धूळ खात होता. हा पठ्ठ्या पफ मारायचा आणि लगेच फू करून सोडून द्यायचा, दहा आकडे धरायचा श्वास दोन आकडे पण धरत नव्हता. आणि डबीवर तारीख टाकायला गेले तर आठवेचना कधी आणलाय, मेडिकलमध्ये विचारलं तर सप्टेंबरात. म्हणजे हिशोबाने कधीच संपायला हवा होता आणि त्याच्या काउंटरवर अजून अर्धे पफ शिल्लक. काय समजायचं ते समजले. सासूबाईंना शाकारणीचं पटलं, त्या आता स्वतः सकाळी त्याच्या मागे लागतात.

पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजायचं यंत्र) आणलाय, बरा असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकायला सांगितलं होतं, तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. ते आधीच झालं होतं, त्याचा सर्वात चांगला ३००. डॉक्टर म्हणाले २४० च्या वर हिरवा, १५० ते २४० पिवळा, १५० खाली लाल. पण शाळेत मीटर कोण फुंकवणार म्हणून शाळेच्या कागदात फक्त दिसणारी लक्षणं घेतलीत. हा कच्चा कागद, सांगा कसा वाटतो:

हिरवा. खेळतोय, बोलतोय, खोकला नाही. काहीच करायचं नाही, सगळ्यांबरोबर पीटी करू द्यावी. पळायच्या तासाआधी १५ मिनिटं निळ्या पंपाचे २ पफ तो स्वतः घेईल, आधी हळूहळू वॉर्मअप.

पिवळा. सारखा सुका खोकला, छातीत शिट्टी, छाती आवळते म्हणतो. जिथे आहे तिथेच बसवा, एकट्याला कुठेही पाठवू नका. निळ्या पंपाचे ४ पफ, स्पेसरमधून, एकेक करून. आईला फोन. २० मिनिटांत बरं वाटलं तर वर्गात, नाहीतर परत ४ आणि दवाखान्यात.

लाल. जास्त धाप लागली, श्वास घेता येत नाही. १०८ ला फोन आणि लगेच निळा पंप.

अर्धा_पांढरा_कोट:
हिरवा आणि पिवळा झकास. लाल बदला. "जास्त धाप" म्हणजे किती, हे प्रत्येकाचं वेगळं, तुमच्या सरांना तिसऱ्या चकरेपर्यंत ती जास्त वाटलीच नव्हती. असं लिहा: एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, दोन-तीन शब्दांवर तुटतं. बरगड्यांमधली किंवा गळ्याच्या खड्ड्यातली कातडी श्वासागणिक आत ओढली जाते. ओठ-नखं निळसर. गुंगीत गेल्यासारखा. आणि हे ठळक अक्षरात टाका, की शिट्टीचा आवाज बंद झाला पण मूल थकलेलंच दिसतंय तर ते बरं झालेलं नाही, हवाच आत जात नाहीये.

करायचं काय, तर आधी पंप मग फोन, किंवा दोन माणसं असतील तर दोन्ही एकदम. किती पफ आणि किती वेळाने ते डॉक्टरांकडून लाल रंगासाठी वेगळं लिहून घ्या, साधारण ४ ते १० पफ आणि दर वीस मिनिटांनी असं पहिल्या तासात असतं पण कागदावर तुमच्याच डॉक्टरांचा आकडा. आडवं झोपवायचं नाही, पुढे वाकून बसू द्यायचं, पाणी पाजायचं नाही, भोवती गर्दी नको. १०८ यायला वेळ लागणार असेल तर कुणाच्या गाडीने निघायचं त्या माणसाचं नाव आणि नंबर आत्ताच लिहून ठेवा, मोटरसायकल नको.

खडूफळा:
"आईला फोन" च्या खाली बाबांचा आणि शेजाऱ्यांचा पण टाका, बागेत रेंज नसते तुमच्याकडे. आणि पिवळ्यात "परत ४ आणि दवाखान्यात" आहे तिथे कोण नेणार ते लिहिलेलं नाही. हे लिहिलं नाही तर स्टाफरूममध्ये दहा मिनिटं तीच चर्चा होते, अनुभव आहे.

द्राक्षवाली_आई:
अपडेट देते. डॉक्टरांनी लाल रंगाचा आकडा लिहून दिला, ते अपाय होणार नाही वालं वाक्य पण सही करून दिलं, म्हणाले हे मी आता सगळ्यांनाच देईन. मुख्याध्यापकांना भेटलो दोघं, मी कागद पुढे केला आणि गप्प बसले. त्यांनी वाचला, मग पीटीच्या सरांना बोलावलं. सर आधी अवघडून उभे होते, मग म्हणाले की त्या दिवसापासून झोप नव्हती लागली नीट. त्यांनीच विचारलं पंप कसा देतात ते दाखवा, मुलानेच दाखवला त्यांना, दहा आकडे मोजून. पंप एक त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, पळायच्या तासाला खिशात, एक स्टाफरूममध्ये स्पेसरसकट, कुलूप नाही.

आता नवीन प्रश्न, पुढच्या महिन्यात सहल आहे, रायगडला, दोन दिवस. पाठवू ना? आणि पंप कुणाकडे?

मेडिकलवाला_नगररोड:
पाठवा, आधी डॉक्टरांना एकदा दाखवून. रोजचा पंप पण द्या बरोबर, सहलीत तोच विसरतात. निळे दोन, एक त्याच्याजवळ एक सरांच्या पाठीवरच्या पिशवीत, कागदाची झेरॉक्स दोन्हीबरोबर. चढायचं असेल तर सरांची पिशवी बसमध्ये ठेवायची नाही, वर जायला हवी. आणि डबी बसच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका, गॅसची असते ती.

जुना_दमेकरी:
मी ४० व्या वर्षी चढलोय पायऱ्यांनी. दर दोनशे पायऱ्यांना लिंबूसरबत आहे, थांबायला कारण विचारत नाही कुणी.

द्राक्षवाली_आई:
😄 सांगते त्याला. सरांची पिशवी मीच भरून देणार आहे.